रविवारी सोललेली लाकडं

आमचं मूळ अलिबागकडचं, खाडीला लागून गाव, आजोबांचा तेलाचा घाणा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने आम्हाला नाव दिलेलं शनवार तेली. बेने इस्रायल, ज्यू वगैरे शब्द मी शाळेत गेल्यावर ऐकले, आजोबांना कोणी विचारलं तर ते सांगायचे आम्ही शनवार तेली, बस. शनिवारी बैलसुद्धा उभा. बाबा म्हणायचे बैलालाही ठाऊक असायचं, शनिवारी कोणी जवळ गेलं तर मान फिरवायचा. बैलाचं खरंखोटं देव जाणे, पण शनिवारी आमच्यात चूल नाही, घाणा नाही, हत्यार नाही, आणि रविवार उजाडला की कामाचा पहिला दिवस, कमरेला फडकं बांधून सगळे उभे.

घाणा पुढे चालेना, गिरणीचं तेल आलं, मग बाबा पोरवयातच मुंबईला गेले आणि सुतार झाले. गोदीत होते, बोटींच्या आतलं लाकूडकाम. माझे बाबा, एलोजी त्यांचं नाव, साधे सुतार नव्हते बरं का. त्यांनी तासलेल्या फळीवरून हात फिरवलात तर रेशमासारखी. पण मला त्यांनी हत्याराला कधी शिवू दिलं नाही. लहान असताना मी एकदा पटाशी उचलली तर हातावर अशी चापटी बसली, अजून आठवते. म्हणाले हा हात पेन्सिलीसाठी आहे, पुन्हा हत्यार धरलंस तर बघ. आणि मी शिकलो. आमच्या घराण्यात, आईकडून म्हणा बापाकडून म्हणा, पहिला ग्रॅज्युएट मी, पुण्याहून बी.ई. सिव्हिल. हे मी सांगणारच, तुम्हाला बढाई वाटली तर वाटो. पदवीदान झालं त्या दिवशी बाबा गोदीतून रजा घेऊन आले होते, काळी टोपी, इस्त्रीचा कोट, आणि सगळ्यांना एकच सांगत होते, याच्या हातावर घट्टे नाहीत, बघा, हात बघा याचा.

मग इकडे विलायतेला आलो. मिरियम, म्हणजे माझी बायको, नर्स होती, इथल्या हॉस्पिटलांना नर्सा हव्या होत्या, तिच्या मागोमाग मी. साठ ते सत्तरच्या मधली गोष्ट. लंडनमध्ये ईलिंगला एक खोली, त्यात आम्ही, आमची मुलगी आणि एक पॅराफिनचा हीटर. माझी पदवी इथे कोणी हातात पण धरेना. एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो, म्हणजे काय, तर दुसऱ्याने मारलेल्या रेघांवरून रेघा मारायच्या. काय सांगू तुम्हाला, बी.ई. झालेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या रेघांवर, आणि घरी पत्र लिहायचो की नोकरी उत्तम, साहेब चांगले. साहेब खरंच चांगले होते, त्यात खोटं काही नव्हतं.

पुढे मिरियमला वेल्समध्ये एका लहान हॉस्पिटलात सिस्टरची जागा मिळाली, डोंगरातलं बाजाराचं गाव, हेच, याचं नाव तुम्हाला अजून म्हणता येत नाही, मलाच यायला वर्ष गेलं. आजूबाजूला सगळं नॅशनल पार्क. मेंढ्या, पाऊस आणि चॅपल, तिसरं काही नाही. इथे पार्काच्या यार्डात माणूस हवा होता, पायवाटा, फाटकं, लहान पूल यांची देखभाल, मी गेलो. तिथले प्रमुख मिस्टर प्रोसर, उंच, कमी बोलणारे, त्यांनी माझा पदवीचा कागद दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण वाचला. तोवर या देशात कोणी तो पूर्ण वाचला नव्हता. म्हणाले आमच्याकडे टेक्निकल असिस्टंटची जागा नवीन व्हायची आहे, आत्ता तात्पुरते या, एक पूल आहे, तो नीट करून दाखवा, पूल उघडला की जागा तुमची.

तर हा पूल. तुम्ही बघितला नाहीत अजून, उद्या नेतो, पण आधी सांगतो नाहीतर तुम्ही हसाल. जुना आहे, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. इथल्या जमीनदाराला पाहुण्यांना धबधबा दाखवायचा होता, म्हणून त्याने घळीवर झुलता पूल बांधला. लोखंडी तारांचे जाड दोर, त्यांना खाली सळया, सळयांवर फळ्या, इथपर्यंत सगळं सरळ. पण त्याला पूल जंगलातून उगवल्यासारखा दिसायला हवा होता. म्हणून दोन्ही टोकांचे खांब म्हणजे अख्खी झाडं, कठडा म्हणजे वेड्यावाकड्या फांद्या एकमेकींत गुंतवलेल्या, आणि सगळ्याला साल तशीच. एक काठी सोललेली नाही. लोक लांबून येतात, फोटो काढतात, पुस्तकांत चित्रं आहेत त्याची. ऐतिहासिक म्हणून नोंद आहे, हात लावायचा तर जसा होता तसाच ठेवायचा. आता लाकूडकाम ज्याला कळतं त्याला विचारा, साल ठेवली की तिच्याखाली पाणी राहतं, कीड राहते, लाकूड आतून भुसा होतं. म्हणजे हा पूल सतत कुजतच असतो आणि आपण सतत बदलत असतो, खंडोबाच्या दिव्याला तेल घालतात तसं.

मी आलो तेव्हा पूल बंद होता. मी त्याची ड्रॉइंगं केली, माझी स्वतःची, खाली माझं नाव. यार्डातला सुतार इवान, रिटायर व्हायला आलेला, मला बाख म्हणायचा, आपल्याकडे बाळ म्हणतात तसं, त्याने आणि मी भर थंडीत लार्चची झाडं निवडली. लार्च म्हणजे सुरूसारखं झाड, पण हिवाळ्यात पानं गाळतं. तोडायचं ते थंडीतच, तेव्हा साल घट्ट असते, वसंत आला, रस चढला की साल सुटते, मग उपयोग नाही. तोडून, मापात कापून, पुलाजवळच्या शेडमध्ये रचून ठेवली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पार्काची कमिटी येणार, पूल उघडणार. आणि मी बाबांना बोलावलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, ते एकटे होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना दाखवायचं होतं. ड्रॉइंग आणि त्याखालचं नाव.

बाबा आले ते माकडटोपी, दोन स्वेटर, आणि पेटीत कपड्यांखाली त्यांची हत्यारं. तासायचा वाकस, रंधा, पटाशी, सगळं. म्हटलं बाबा हे कशाला, तर म्हणाले तुझ्या घरात एखादं दार घासत असेल. खरंच घासत होतं. दोन दिवसांत आमच्या घरातलं एक दार आवाज करेना. मग खुर्च्या झाल्या, शेजारणीचं फाटक झालं, मग करायला काही उरेना. इंग्रजी येत नाही, पाऊस थांबत नाही, सून ड्यूटीवर, मुलगा कामावर, नात शाळेत. दिवसभर खिडकीत बसायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, पूल उघडला की तू साहेब ना? म्हटलं हो बाबा. पक्का? पक्का. मग ते मिरियमला सांगायचे, ऐकलंस ना, पक्का साहेब.

एकदा मी त्यांना पुलाजवळ नेलं. लांबून त्यांना फार आवडला, म्हणाले बरा टांगलाय. जवळ गेलो, शेडमधली लाकडं बघितली. बोटाने साल टोकरली. म्हणाले ही अजून तयार नाहीत वाटतं. मी मिस्टर प्रोसरांशी बोलत होतो, माझं अर्धं लक्ष, म्हटलं तयार आहेत बाबा, पुढच्या आठवड्यात लावायची. ते रचलेली लाकडं मोजत राहिले.

आणि मग तो रविवार. मिरियमची ड्यूटी, रविवारी इकडे बस नाही, मी तिला व्हॅनमधून सोडायला गेलो, मुलीला बरोबर घेतलं, म्हटलं दिवसभर तिकडेच राहू, संध्याकाळी तिला घेऊनच येऊ. बाबांना डबा ठेवला, अंबाडीची भाजी, डबाबंद मिळते ती, आणि भात. त्यांना म्हटलं आराम करा. तर ते म्हणाले काल केला की आराम.

संध्याकाळी परत येताना वळणावरून शेड दिसते. मिरियमने आधी बघितलं, म्हणाली अहो, शेडमध्ये ते पांढरं काय आहे? काय सांगू तुम्हाला. सगळी लाकडं सोललेली. सगळी. नुसती सोललेली नाहीत, वाकसाने तासलेली, गाठी सपाट केलेल्या, वरून रंधा फिरवलेला, लहानमोठी लावून रांगेत उभी केलेली, मावळतीच्या उजेडात अशी चमकत होती, लग्नाच्या मांडवाला लावावीत. आणि खाली गुडघाभर सालीचा ढीग, आणि ढिगावर माझे बाबा, थर्मासमधला चहा पीत. मला बघून उठले. म्हणाले काय रे, तुमच्या लोकांत सुतार नाही का एकही? सालीसकट लाकूड लावायला निघाले होते, साहेबाची अब्रू गेली असती तुझी. आता घाल बिनघोर. कमिटी का फमिटी येऊ दे.

मी तिथेच फळीवर बसलो.  मिरियमने मुलीला व्हॅनमध्येच ठेवलं आणि म्हणाली बाबा, चला घरी, तुम्ही दमलात. ते म्हणाले मी कशाला दमतोय, आज तर पहिला दिवस आठवड्याचा.

आता तुम्ही म्हणाल, गावातल्या कोणी बघितलं नाही का, थांबवलं नाही का. तेच तर. अख्ख्या गावाने बघितलं. चॅपलचा रस्ता तिथूनच जातो. काळ्या टोप्या, काळे कोट, हातात गाण्यांची पुस्तकं, सगळं गाव सकाळी त्या शेडवरून गेलं, आणि परतही आलं. वेल्समध्ये त्या काळी रविवार म्हणजे काय, दोरीवर कपडा वाळत घालत नाहीत, बागेत फावडं मारत नाहीत. आणि तिथे एक परदेशी म्हातारा, माकडटोपी घालून, ऐन प्रार्थनेच्या वेळी ठाक ठाक करतोय. बायकांनी म्हणे पोरांचे डोळे झाकले. इवान तर अगदी जवळून गेला. त्याने बघितलं साल पडतेय, त्याला कळलं काय होतंय, आणि तो उभा राहिला. आणि बोलला नाही. सोमवारी मी त्याच्यावर ओरडलो, म्हटलं इवान, तू बघितलंस ना, एक हात वर करायचास, नुसतं थांब म्हणायचंस, तेवढ्याने निम्मी वाचली असती. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, बाख, रविवार होता. कामाची भाषा मी रविवारी करत नाही. मला वाटलं, उद्या सांगू.

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं, रागात सांगितलं, म्हटलं बघा हा माणूस, समोर उभा होता आणि गप्प. तर बाबांचा चेहरा बदलला. म्हणाले त्याचा शनिवार होता तो? म्हटलं हो, त्यांचा शनिवार रविवारी असतो. मग म्हणाले बरोबर केलंन् त्याने. कोणी माझ्या डोळ्यांदेखत शनिवारी असलं केलं असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. त्याला दोष देऊ नकोस. आणि मग हळूच म्हणाले, पण मी काय केलं रे? त्यात वाईट काय झालं, ते मला सांग नीट.

मी नीट सांगितलं. पूल असाच दिसायला हवा, साल म्हणजेच तो पूल, दुसरी लाकडं आता तोडली तर साल राहणार नाही, म्हणजे पुढचा हिवाळा. म्हणजे यंदा पूल उघडत नाही. ते ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. म्हणाले मुद्दाम? मुद्दाम कुजायला ठेवतात? म्हटलं मुद्दाम. म्हणाले इतकी मोठी माणसं आणि त्यांना लाकडाची दया नाही.

मिस्टर प्रोसरांनी मला आणि बाबांना शेडवर बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, माणूस ओरडला की आपण पण काही बोलतो. ते सोललेल्या लाकडांवरून हात फिरवत होते. पहिलं वाक्य हे बोलले की असं काम त्यांनी आयुष्यात बघितलं नाही. मी बाबांना सांगितलं. बाबांनी मान झुकवली. मग म्हणाले, तुमच्या वडिलांना सांगा, साल कुजते हे मला ठाऊक आहे, माझ्या आजोबांना पण ठाऊक होतं, त्यांनीही याच पुलावर काम केलं. पण आपण पूल बांधत नाही आहोत, आपण एक पूल जपतो आहोत, जसा दिला तसा. मी सांगितलं. बाबा म्हणाले, हां. नुसतं हां. मग मिस्टर प्रोसर माझ्याकडे न बघता, लाकडांकडे बघत बोलू लागले. म्हणाले, असिस्टंटची जागा यंदाच्या कामावर मंजूर होती. काम यंदा होत नाही. कमिटीपुढे मी बोललो, पण स्वान्झी शहराचा एक अर्जदार आहे, त्याचे कागद इथलेच आहेत, कमिटी म्हणाली मग त्यालाच घ्या. मी प्रयत्न केला. इवान उन्हाळ्याअखेर जातो आहे. सुताराची जागा रिकामी होईल. ती मी देऊ शकतो, कायमची, घरासकट.

आणि ते थांबले, मी भाषांतर करावं म्हणून.

तुम्ही शिकलेले लोक भाषांतरं करता, पुस्तकांची वगैरे. मला त्या दिवशी जे करावं लागलं ते कोणावर येऊ नये. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. इंजिनिअरची जागा गेली, सुताराची देतायत.  बाबांनी खाली वाकून ढिगातली एक लांब साल उचलली, हाताने सरळ केली, आणि मला म्हणाले, त्याला विचार, ही परत चिकटवता येते का. आमच्या गोदीत सरस असतो, घोड्याच्या खुराचा, फार घट्ट. मी बसवीन एकेक. त्याला विचार ना.

मी विचारलं. काय करणार, बापाने सांगितलं ते विचारलं. मिस्टर प्रोसर हसले नाहीत. म्हणाले, त्यांना सांगा, नाही येत, पण विचारल्याबद्दल आभारी आहे.

घरी आलो तर बाबा जेवले नाहीत. मग म्हणाले, नाही म्हण त्याला. मुंबईला चल, तिथे तू बी.ई. आहेस. मी म्हटलं बाबा, मिरियमची नोकरी इथे आहे, मुलीची शाळा इथे, घर मिळतंय. मुंबईला जाऊन मी पुन्हा कोणाच्या दारात उभा राहू? ते म्हणाले, मी तुझ्या हातावर घट्टे पडू दिले नाहीत. म्हटलं ठाऊक आहे. म्हणाले मी मारलं होतं तुला. म्हटलं आठवतंय. मिरियम स्वयंपाकघरातून म्हणाली, बाबा, तुमच्या मुलाला पटाशी कशी धरायची तेसुद्धा येत नाही, ती जागा तरी कशी टिकायची? आणि हे बोलून ती स्वतःच रडायला लागली. माझी बायको रडत नाही, वॉर्डात माणसं मरतात तिच्यासमोर, तेव्हाही नाही. त्या दिवशी रडली, आणि रडता रडता भांडी घासत राहिली.

बाबांचं तिकीट उन्हाळ्यातलं होतं. ते त्यांनी बदलायला लावलं. म्हणाले हिवाळ्यात लाकूड निवडताना मी हवा.

मग काय, चाळिशीला आलेला बी.ई. आणि त्याला शिकवणारा त्याचा बाप. आमच्या घरामागच्या पत्र्याखाली, रोज कामावरून आल्यावर. करवत अशी नाही धरायची. अशी पण नाही. अरे तुला शिकवलंय कोणी, कॉलेजात काय करत होतात, नुसता चहा पीत होतात? लाकडाकडे बघ, माझ्या तोंडाकडे कशाला बघतोस. एकदा इवान बघायला आला, चॅपलच्या कपड्यांत नाही, कामाच्या, दोघे म्हातारे बाकावर बसून मी चुकतो ते बघत होते, आणि एकमेकांची भाषा येत नसताना एकाच वेळी जीभ चुकचुकवत होते. इवान म्हणाला, बाख, तुझे वडील म्हणतायत ते बरोबर आहे. म्हटलं इवान, ते काय म्हणतायत तुला काय कळतंय? म्हणाला, अख्खं कळतंय. पहिले घट्टे पडले तेव्हा मी हात खिशात घालून बसायचो जेवताना. बाबांनी बघितलंच. मिरियमला म्हणाले, याला रात्री खोबरेल लाव, फाटतील नाहीतर. त्यापुढे काही नाही.

सोललेली लाकडं वाया नाही गेली, वरच्या वाटेवर पायऱ्यांना कठडा लावला त्यांचा. बाबा तिकडे बघायचे नाहीत.

हिवाळ्यात आम्ही वर गेलो, बर्फ पडलेलं, माझे बाबा अलिबागचे हो, बर्फात आयुष्यात पाय ठेवला नव्हता, आणि ते झाडाझाडाला हात लावून सांगत होते, हे घे, हे नको, हे वाकडं आहे पण त्याला वाकडंच हवंय ना, मग घे. झाड पडलं की आधी धावत जाऊन ओढायच्या दोराखाली गोणपाट घालायचे, साल खरवडू नये म्हणून. ओढताना ओरडत राहायचे, साल सांभाळ, साल सांभाळ. यार्डातल्या माणसांना तेवढे दोन शब्द पाठ झाले, अजून म्हणतात, आता तो आमच्या यार्डातला शब्दच झालाय, नवीन येणाऱ्याला वाटतं वेल्श आहे. आणि लावताना, खांबाला फांदी बसवताना, बाबा काम चोख करायचे पण तोंड वाकडं करून, कडू औषध प्यायल्यासारखं. मला म्हणाले, हे माझ्या हातून झालं ते मुंबईत कोणाला सांगू नकोस. माझी इतक्या वर्षांची इभ्रत आहे गोदीत.

ईस्टरला पूल उघडला. कमिटी आली, स्वान्झीचा असिस्टंट आला, तरुण होता, भला होता, माझ्याच ड्रॉइंगवरून सगळ्यांना समजावून देत होता, आणि मी हातोडी घेऊन मागे उभा. बाबांनी ते बघितलं. त्या आठवड्यात ते मुंबईला परत गेले. विमानतळावर, हीथ्रोला, माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, चांगला बसलाय हात आता. आणि मग म्हणाले, मला तसं नको होतं. दोन वर्षांनी वारले. मला जाता आलं नाही, पोचेपर्यंत मातीसुद्धा झाली असती, आमच्यात थांबत नाहीत.

आता तुम्ही विचारता वाईट वाटतं का. वाटतं. बाबांवर राग आला का, आला, आणि गेला, आणि कधीकधी अजून येतो, विशेषतः पावसात. पण मुख्य म्हणजे दमलोय. त्या हिवाळ्यात बाबांनी लावलेल्या फांद्या एव्हाना सगळ्या काढून झाल्या, आतून भुसा. मग दुसऱ्या लावल्या, त्या पण आता वाजवल्या तर पोकळ आवाज येतो. गुडघे बर्फात वाकत नाहीत. मुलगी कॉलेजात गेली, कार्डिफला, तिला मराठी बोलता येतं पण बाबा आली म्हणते, आजी गेला म्हणते, चालायचंच.

मिस्टर प्रोसर मागे रिटायर झाले. आणि गंमत बघा, ती असिस्टंटची जागा यंदा रिकामी झालीय, स्वान्झीचा माणूस मोठ्या ऑफिसात गेला. नवीन साहेब मला म्हणाले, तुमची पदवी आहे, इतक्या वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही अर्ज का करत नाही? मिरियम म्हणाली, अहो करा, निदान बाबांसाठी. म्हटलं बाबांसाठी बी.ई. झालो, बाबांमुळे सुतार झालो, आता परत बाबांसाठी खुर्चीत बसू? माझ्यात ताकद नाही गं. तिथे बसून मी करणार काय, कोणातरी दुसऱ्याला या गारठ्यात पाठवणार, आणि खिडकीतून बघत बसणार, तो गोणपाट घालतोय की नाही.  तिलाही दमायला झालंय, तिच्या पायांच्या शिरा बघा. अर्जाची तारीख परवा गेली. गेली तर गेली.

थंडी पडली आहे, पुढच्या आठवड्यात वर जायचं लार्च निवडायला. उद्या तुम्ही पुलावर याल तेव्हा एकेकटे चला, नाचतो तो, घाबरू नका. कठडा घट्ट धरा, मी लावलाय. देवाने एवढंच करावं, पलीकडे जाणाऱ्याला सुखरूप न्यावं, आणि माझे गुडघे मार्चपर्यंत टिकवावेत. मार्चनंतरचं मार्चनंतर बघू. चहा गार झाला तुमचा, थांबा, दुसरा आणायला सांगतो.